फिनिक्सचे घरशिक्षण आणि त्याचे वाङ्मय

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, आणि शिकविताना त्यांना घरातल्या व मळ्यातल्या कामांत बरोबरीने घ्यावे, हा विचार आपल्या सुशिक्षित वर्गात अधूनमधून डोके वर काढीत असतो. कोणी नोकरीस रामराम ठोकून गावाकडे जमीन घेतो. कोणी निवृत्तीनंतर निदान नातवंडांवर तरी हा प्रयोग करून पाहावा म्हणतो. वाद सुरू झाला की रूसोपासून टॉल्स्टॉयपर्यंत सर्वांची नावे निघतात. मात्र ज्या एका हिंदी कुटुंबाने हा प्रयोग प्रत्यक्ष केला, आणि ज्याच्यासंबंधी बाप, मुलगा, घरात राहावयास आलेली एक परकी स्त्री आणि त्याच अंगणात वाढलेला एक पोर अशा चौघांनीही लिहून ठेवले आहे, त्या कुटुंबाचे वाङ्मय ह्या वादात क्वचितच उघडले जाते. आम्ही अर्थात गांधी-कुटुंबाविषयी बोलत आहोत. १८९७ च्या जानेवारीत ते दर्बानच्या बंदरात उतरले तेव्हापासून १९१४ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडीपर्यंत, मधले हिंदुस्थानातील मुक्काम वगळता, हा प्रयोग चालला होता.

गांधीजींच्या शिक्षणविचाराचा खल शिक्षणशास्त्र्यांनी पुष्कळ केला आहे. १९३७ ची वर्धा परिषद, झाकिर हुसेन समिती, नई तालीम ही प्रकरणे सर्वांस ठाऊक आहेत, आणि त्यांत शिरण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न साधा आणि वाङ्मयाचा आहे: घरची शाळा कोणाच्या लेखणीतून खरी उतरते? तरीपण हे सर्व वाचताना मनात एक दुसरा प्रश्न उभा राहतो, तो लपविण्यात अर्थ नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड तीन वर्षे भोपाळला, तीन वर्षे शिलाँगला आणि पुढे आणखी कोठे, असे फिरत असते. १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाल्यामुळे मुलाचे वर्ष बुडत नाही. बुडते ते मराठी. ते बुडू नये म्हणून मुलास पुण्याच्या वसतिगृहात किंवा मामाकडे ठेवावे, तर मूलच दुरावते. दर्बानला उतरलेल्या त्या सत्तावीस वर्षांच्या बॅरिस्टरापुढे नेमका हाच पेच होता. म्हणून ही पाने आम्ही परक्याच्या घरात डोकावल्यासारखी वाचू शकत नाही.

प्रथम बापाची लेखणी. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून 'नवजीवन'मध्ये गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. महादेवभाईंनी ती इंग्रजीत आणि अप्पासाहेब पटवर्धनांनी मराठीत आणली. तिच्या तिसऱ्या भागात मुलांच्या शिक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बरोबर तीन मुले होती: बहिणीचा मुलगा दहा वर्षांचा, स्वतःचे दोघे नऊ आणि पाच वर्षांचे. गोऱ्यांच्या शाळेत ही मुले घेतली गेली असती, पण केवळ मेहेरबानी म्हणून. आणि जी मेहेरबानी इतर हिंदी मुलांस मिळत नाही ती आपल्या मुलांस नको, असे बापाने ठरविले. मिशनच्या शाळा पसंत पडल्या नाहीत. गुजराती शिकविणारा योग्य शिक्षक मिळेना. अखेर महिना सात पौंडांवर एक इंग्रज बाई ठेवण्यात आली, आणि स्वतः बापाने सवड सापडेल तसे शिकवावे असे ठरले. मुलांशी तो गुजरातीतच बोले. थोरल्या मुलास आणि भाच्यास काही महिने हिंदुस्थानातील वसतिगृहाच्या शाळांत ठेवून पाहिले, पण लवकरच परत बोलाविले. सुव्यवस्थित घरात मूल जे आपोआप उचलते ते वसतिगृहात मिळणे नाही, असा त्यामागचा विचार होता.

ह्या प्रकरणाचा युक्तिवाद चोख आहे, आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे. वाचून संपले की मुलांची वये आपल्या लक्षात राहतात, तोंडवळे राहत नाहीत. हरिलाल कशावर हसे, मणिलालला कोणत्या विषयाचा कंटाळा येई, इंग्रज बाईशी त्यांचे जमले की नाही, ह्यांपैकी काही कळत नाही. पक्षकार गैरहजर असताना वकील बाजू मांडीत आहे असे सारखे वाटते. बाजू प्रामाणिक आहे, प्रतिपक्षाचे आक्षेपही स्वतःच मांडले आहेत. तथापि ज्यांच्यासंबंधी हा सारा विचार चालला आहे त्यांना बोलावयास उभे केलेले नाही.

ह्या प्रकरणाशेजारी चौथ्या भागातील जोहान्सबर्गच्या घराचे प्रकरण ठेवून पाहावे. तेथे पुन्हा सात पौंडांचा आकडा येतो. ह्या वेळी ते इंग्रज बाईवर नव्हे, तर हाताने फिरवावयाच्या एका जात्यावर खर्च झाले आहेत. बाजारचा पाव बंद करून घरी दळलेल्या पिठाचा पाव करावयाचा म्हणून हे जाते आले. त्याचे लोखंडी चाक एकट्यास जड आणि दोघांस हलके. गांधीजी, पोलाक आणि मुले ते फिरवीत. कस्तुरबांचा हात अधूनमधून लागे, कारण ती वेळ त्यांच्या स्वयंपाकाची. दोन प्रकरणांतील हे दोन सात पौंड आम्हांस फार बोलके वाटतात. आत्मकथेतही ते जवळजवळ आणण्याचा लेखकाचा उद्देश नाही. परंतु मधल्या काळात घर कोठून कोठे आले ते ह्या दोन खरेद्यांनी जितके कळते तितके चार पानांच्या तत्त्वचर्चेने कळत नाही. आणि लेखकाचे गद्यही जात्याजवळ येताच बदलते. वस्तू दिसते, तिचे वजन कळते, तिच्याभोवती माणसे उभी राहतात.

तेच जाते दुसऱ्या एका पुस्तकात ऐकू येते. हेन्री पोलाक ह्यांच्या पत्नी मिली ग्रॅहॅम पोलाक ह्या १९०५ च्या अखेरीस लग्न होऊन ह्याच घरात आल्या. त्यांचे 'मिस्टर गांधी : द मॅन' हे छोटे पुस्तक १९३१ मध्ये लंडनला निघाले. भल्या सकाळी घरातील पुरुषमंडळी जात्याभोवती जमत, दळण्याची घरघर सुरू होई आणि तिच्याबरोबर गप्पा व हसणे, असे त्या सांगतात. शिवाय दोरीवरच्या उड्यांचा व्यायाम चाले आणि त्यात गांधीजी पटाईत होते, हेही सांगून ठेवतात. आत्मकथेतील जाते म्हणजे एक निर्णय आहे. मिलीबाईंचे जाते म्हणजे एक सकाळ आहे. मराठी वाचकास तर ह्या चित्राची गंमत अधिकच वाटेल. जाते म्हटले की आपल्या मनात पहाटेचा अंधार, ओवी आणि माहेरची आठवण काढणारी बाई उभी राहते. येथे जात्यावर एक बॅरिस्टर, एक इंग्रज पत्रकार आणि तीन पोरे बसली आहेत आणि बाई स्वयंपाकघरात आहे! ओवी मात्र ह्या जात्यावर कोणी म्हटल्याचे दिसत नाही.

मिलीबाई घरातील मुलांना शिकवीतही असत. पाहुण्या म्हणून आलेल्या, धर्माने व देशाने परक्या, आणि पुढे फिनिक्सच्या खडतर राहणीस न रुळलेल्या ह्या बाईंना जे दिसते ते घरधन्यास दिसत नाही. त्या गांधीजींशी वाद घालतात, हरतात, पुन्हा घालतात. आपले म्हणणे सिद्ध करण्याची त्यांना घाई नाही. घरशिक्षणाच्या पुस्तकांत असा एखादा तिऱ्हाईत साक्षीदार असावा असे आम्हांस फार वाटते. बहुतेक ठिकाणी शिक्षक, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो.

त्याच जोहान्सबर्गच्या प्रकरणात आत्मकथेतील ह्या विषयावरचा सर्वांत भारी मजकूर आहे. मुले बापाबरोबर पायी कचेरीत जात आणि परत येत. जाऊन येऊन पाच मैल. वाटेत गोष्टी सांगत शिकविणे चाले. मात्र दुसरे कोणी बापाचे लक्ष वेधून घेत नसेल तर, एवढी अट लेखकाने स्वतःच प्रामाणिकपणे घालून ठेवली आहे. सार्वजनिक कामाचा माणूस रस्त्याने चालला असता दुसरे कोणी लक्ष वेधून घेत नाही असे कितीसे होत असेल? ह्या एका अटीत त्या शाळेचे सारे वेळापत्रक वाचता येते. पुढे लेखक म्हणतो की रोज एक तास, फक्त एक तास, नियमाने अक्षरशिक्षणास देता आला असता तर ह्या मुलांना आपण आदर्श शिक्षण दिले असे म्हणता आले असते. तो तास झाला नाही ह्याची खंत आपणास आहे आणि मुलांसही आहे. थोरल्याने ती खाजगीत आणि वृत्तपत्रांतूनही बोलून दाखविली; इतरांनी उदार मनाने क्षमा केली. ह्यानंतर लगेच आपण ह्यामुळे खचलो नसल्याचे, समाजसेवेसाठी हा त्याग झाल्याचे, कदाचित ती समजूत चुकीचीही असेल, पण चारित्र्याच्या बाबतीत हयगय केली नसल्याचे निवेदन येते.

हा परिच्छेद आम्ही अनेकदा वाचला आहे. प्रत्येक वाक्य एक पाऊल पुढे टाकते आणि पुढले वाक्य ते अर्धे मागे घेते. काही टीकाकारांना ह्यात दंभ दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. दंभी मनुष्य तासाचा उल्लेखच करता ना. येथे एक बाप आपल्या हातून राहिलेल्या गोष्टीचे नेमके माप देतो आहे, आणि माप दिल्यावर ते सहन होत नाही म्हणून सेवेचा आधार घेतो आहे. लेखक म्हणून त्याने तेथेच थांबावयास हवे होते. एक तास, एवढे म्हटल्यावर बाकीचे समर्थन वाचकाने केले असते.

भाषेच्या प्रश्नावर मात्र लेखक कोठेही मागे घेत नाही. लहानपणापासून मुले इंग्रजी सफाईने बोलू लागली तर जगाच्या शर्यतीत ती पुढे जातील, असे पोलाक तावातावाने सांगत; गांधीजींना ते कधीच पटले नाही. मुलांचे अक्षरशिक्षण कमी पडले तरी मातृभाषेचे जे ज्ञान त्यांना मिळाले त्यामुळे ती स्वदेशात परकी ठरली नाहीत, आणि इंग्रज मित्रांच्या सहवासाने इंग्रजी तर त्यांना आपोआपच आले, असे ते म्हणतात. प्रांताबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरांत आज हाच वाद बहुधा नवराबायकोंत चालतो. त्यात पोलाकांची बाजू नेहमी जिंकते, आणि तीही भांडण न होता.

आता टॉल्स्टॉय फार्म. १९१० मध्ये कालेनबाख ह्यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर अकराशे एकर जमीन घेऊन सत्याग्रही कुटुंबांस राहावयास दिली. नोकर कोणी नव्हते. खड्डे खणणे, लाकडे तोडणे, ओझी वाहणे, फळझाडांची निगा, सफाई, स्वयंपाक, सर्व काही तेथल्या माणसांनी व मुलांनी करावयाचे. कालेनबाख एका ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला करावयास शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि मग मुले. जे शिक्षक स्वतः करीत नाही ते मुलांस सांगावयाचे नाही, हा नियम. ह्या शाळेवरील आत्मकथेतील तीन प्रकरणे ही आमच्या मते हिंदी भाषांतील शिक्षणविषयक गद्यात फार वरच्या जागी बसतील. सकाळ शेतात जाई, म्हणून वर्ग दुपारच्या जेवणानंतर भरत. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्याही पापण्या जड झालेल्या. डोळ्यांवर पाणी मारावे, मुलांशी थोडे खेळावे आणि पुन्हा पुस्तक उघडावे. हिंदी, गुजराती, तमिळ, उर्दू ह्या भाषा शिकवावयाच्या, आणि शिक्षकाचे तमिळ म्हणजे पोप ह्यांच्या पाठ्यपुस्तकापुरते! तमिळ मुलांस त्याच्याहून चांगले तमिळ येई. आपले अज्ञान त्यांच्यापासून कधी लपविले नाही म्हणून त्यांचे प्रेम व आदर टिकला, असे लेखक सांगतो. आणि मग तो रुळाचा प्रसंग. सतरा वर्षांचा एक दांडगा मुलगा ऐकेना, तेव्हा शिक्षकाने जवळच पडलेला रूळ उचलून त्याच्या दंडावर मारला. मारताना शिक्षकाचाच हात कापत होता, आणि ते मुलाच्या लक्षात आले होते.

हे सारे जिवंत का उतरले आणि स्वतःच्या मुलांचे प्रकरण का उतरले नाही? आम्हांस एकच कारण दिसते. फार्मवरील मुले दुसऱ्यांची होती. त्यांच्यासंबंधी लिहिताना लेखकास कोणापुढे जबाब द्यावयाचा नव्हता. तेथे तो चुकतो, झोपेने पेंगतो, तमिळमध्ये मागे पडतो, आणि हे सर्व सांगण्यात त्याला एक प्रकारची मौज वाटते. स्वतःचे मूल आले की ती मौज जाते आणि हिशेब सुरू होतो. घरशिक्षणाच्या बहुतेक लिखाणाला लागलेली ही कीड आहे. बाप किंवा आई लिहावयास बसली की मूल हा पुरावा होतो.

ह्यास एक अपवाद आहे, आणि तो बापाच्याच लेखणीतला आहे. २५ मार्च १९०९ रोजी प्रिटोरियाच्या तुरुंगातून गांधीजींनी मणिलालला पत्र लिहिले. महिन्यातून एकच पत्र लिहिण्याची मुभा होती. कोणास लिहावे ह्याचा विचार करताना सहकाऱ्यांची नावे मनात आली, पण निवड झाली ती सोळा वर्षांच्या ह्या मुलाची. फिनिक्स हे दर्बानपासून चौदा मैलांवरचे, १९०४ मध्ये सुरू झालेले शंभर एकरांचे ठिकाण; छापखाना, घरे, भाजीमळा, आणि त्या वेळी घरचा कर्ता पुरुष तुरुंगात. पत्रात अक्षरज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे हा सिद्धांत आहेच. परंतु त्याखाली जे येते ते पाहावे. बागेत प्रत्यक्ष खणावे, निंदावे. पुढे आपल्याला त्यावरच जगावयाचे आहे. अवजारे आपापल्या जागी आणि स्वच्छ ठेवावी. गणित आणि संस्कृत नीट करावे, संगीतही. चांगले उतारे व भजने निवडून सुंदर अक्षरात वहीत उतरून काढावी. घरखर्चाच्या पै-पैचा हिशेब ठेवावा. फार कामे आहेत म्हणून घाबरून जाऊ नये. मगनलालनी एमर्सनचे निबंध वाचावे, हा निरोपही ह्याच पत्रात आहे. कुदळीपासून एमर्सनपर्यंतचा हा पल्ला एकाच श्वासात येतो आणि कोठेही ओढून आणलेला वाटत नाही, कारण दोन्ही गोष्टी त्या घरात खरोखरच होत्या.

बापाने लेकीस लिहिलेल्या पत्रांचा दुसरा प्रसिद्ध संग्रह आपल्याकडे नेहरूंचा आहे; १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या इंदिरेला लिहिलेली ती पत्रे. त्यांत पृथ्वीचा जन्म, भाषांची उत्पत्ती, राजे आणि मंदिरे ह्यांची गोड कहाणी आहे. ती पत्रे कोणत्याही मुलीने वाचावी अशी आहेत. मणिलालचे पत्र त्याच्यावाचून दुसऱ्या कोणास लिहिताच आले नसते. त्यातील बाग तीच, घरातील आजारी माणसे तीच, वही तीच. वरवर कठोर भासणाऱ्या ह्या पत्रात, मूल समोर नसल्यामुळेच की काय, बाप प्रथमच मुलाकडे पाहतो आहे. दौऱ्यावर असलेल्या आणि घरी पत्र टाकणाऱ्या माणसांना हे अधिक सांगावयास नको.

मुलाची बाजू मात्र दुसऱ्या पत्रात आहे. ३१ मार्च १९१५ ला हरिलालने बापास लिहिलेले पत्र छापून काही मंडळींत वाटले. चंदुलाल दलाल ह्यांच्या गुजराती चरित्रामुळे ते १९७७ नंतर अभ्यासकांपुढे आले, आणि त्रिदीप सुहृद ह्यांच्या २००७ च्या इंग्रजी अनुवादाने सर्वांस खुले झाले. आमची शिक्षणाची हौस तुम्ही दाबलीत, आम्हांस तुमच्यापुढे बोलण्याची मोकळीक नव्हती, असे त्यातील गाऱ्हाणे आहे. रंगूनचे डॉक्टर प्राणजीवन मेहता ह्यांनी विलायतेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली होती, मनात गांधीजींचा मुलगा धरून. ती प्रथम पुतण्या छगनलालला गेली, आणि तो आजारी होऊन परतल्यावर सोराबजी अडाजानिया ह्यांना. आपल्या घरात जे असेल ते प्रथम दुसऱ्यास, हा बापाचा नियम. तुरुंगात वारंवार जाऊन आलेल्या थोरल्या मुलाच्या मनात ह्या नियमाची जखम राहिली.

ह्या पत्राकडे वाङ्मय म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. मराठी रंगभूमीने हा बापलेकांचा विषय अजित दळवी ह्यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी' ह्या नाटकात जोरकसपणे मांडला, आणि तो प्रयोग गाजला. पण नाटकास संघर्ष लागतो, आणि संघर्षास जाते-कुदळ लागत नाही. त्यामुळे थोर बाप आणि वाहवलेला मुलगा एवढेच प्रेक्षकाबरोबर घरी जाते. मूळ पत्रातील हरिलाल वाहवलेला नाही. तो मुद्देसूद आहे, संतापातही पायरी सोडीत नाही, आणि बापाच्या पद्धतीने बापावरच आरोपपत्र ठेवतो. शिक्षण मिळाले नाही अशी तक्रार करणाऱ्या ह्या तरुणाच्या लेखनातील शिस्त पाहिली की तक्रार खोटी ठरत नाही; पण तिच्यात एक विलक्षण गुंता निर्माण होतो. ही शिस्त त्याला कोणी दिली? काही वर्ग अहमदाबादच्या शाळेत झाले असतील. बाकी सारी ऐट घरची आहे.

चौथी लेखणी प्रभुदास गांधींची. 'जीवननुं परोढ' हे त्यांचे गुजराती पुस्तक १९४८ मध्ये निघाले, आणि त्याचा इंग्रजी अवतार १९५७ मध्ये. प्रभुदास हे छगनलालचे चिरंजीव, म्हणजे ज्याच्या वाट्यास ती शिष्यवृत्ती प्रथम गेली त्याचे. फिनिक्सवर आनंदाचे पुस्तक लिहिले ते त्याच्या मुलाने, आणि दुःखाचे पत्र लिहिले ते ज्याच्या हातून ती गेली त्याने! समीक्षकाने हा योग डोळ्यांआड करू नये. तरीही प्रभुदासांचे पुस्तक केवळ कृतज्ञतेचे नाही. ते सैल आहे, लांब आहे, मोठेपणी ऐकलेले आणि लहानपणी पाहिलेले त्यात मिसळून गेले आहे; पण फिनिक्सची जमीन त्यात गुडघ्याच्या उंचीवरून दिसते. मोठ्यांचे सिद्धांत मुलांच्या दिवसात कसे उतरत, हे कळावयाचे असेल तर ह्या पुस्तकास पर्याय नाही. मूल सिद्धांतास कामाच्या, जेवणाच्या आणि मोठ्यांच्या चेहऱ्याच्या रूपाने ओळखते.

एक लेखणी ह्या सर्वांत नाही. दळणाच्या वेळी चुलीपाशी असणाऱ्या, फिनिक्सवर पुरुष तुरुंगात असता घर चालविणाऱ्या कस्तुरबांनी काही लिहिले नाही. घरशाळेचा पाया ज्या कामांवर होता ती निम्म्याहून अधिक त्यांची होती. ही रिकामी जागा भरून काढता येत नाही. पण मराठी वाचकास तिची कल्पना करावयास एक आधार आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. पत्रावळ लावणे, फुले वेचणे, आजारी आईच्या हाताखाली चूल सांभाळणे ह्यांतून कोकणातील त्या गरीब घरात मुलगा घडतो. पालगडचे हे घर आणि फिनिक्स ह्यांत फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पालगडच्या आईने प्रयोग म्हणून काहीच केले नाही. घरात काम होते म्हणून मुलास सांगितले. त्यामुळेच ते काम वाचकाच्या अंगवळणी पडते. गुरुजींचा दोषही येथेच आहे. मोठेपणी आठवताना ते प्रत्येक कामाखाली बोध लिहितात. आईने लिहिला नसता. आणि हेही विसरू नये की श्यामला पुढे शिकण्यासाठी दापोलीस आणि औंधास जावे लागले. ती आई त्याच्या आड आली नाही.

१९१४ च्या अखेरीस फिनिक्सची मुले बोटीने हिंदुस्थानात आली आणि काही महिने शांतिनिकेतनात राहिली. रवींद्रनाथांची शाळा आणि गांधीजींची घरशाळा तेथे एका अंगणात आली. फिनिक्सच्या मुलांचा स्वयंपाक वेगळा आणि स्वतःच्या हातचा. मार्च १९१५ मध्ये गांधीजींच्या सूचनेवरून शांतिनिकेतनच्या मुलांनी व शिक्षकांनीही आचाऱ्यांना रजा देऊन स्वयंपाक व भांडी हातात घेतली. त्याची आठवण म्हणून १० मार्च हा दिवस तेथे पाळला जातो. ह्या उद्योगात पुढाकार घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, काका कालेलकर. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांच्या बदल्यांबरोबर सातारा, कारवार, शहापूर असा फिरलेला हा मुलगा. 'स्मरणयात्रे'त त्याने ते बालपण लिहिले आहे. कोणत्याही एका शाळेने त्याला घडविले नाही. नव्या गावी जाताना बैलगाडीतून दिसलेले, दर गावी नव्याने मांडलेल्या घरात पाहिलेले असे जे काही, ते त्या पुस्तकात शिक्षण म्हणून उतरले आहे, आणि त्याच्यावर शिक्षणाची चिठ्ठी कोठेही डकविलेली नाही. आमच्या वाचकांच्या मुलांना वाचून दाखवावे असे एक पुस्तक ह्या सर्वांतून निवडावयाचे झाले तर आम्ही आत्मकथा निवडणार नाही, ही 'स्मरणयात्रा' निवडू.

राहता राहिला मणिलाल. शाळेचे तोंड न पाहिलेला हा मुलगा मोठेपणी फिनिक्सला परतला आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथूनच 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक चालवीत राहिला. धाकटा देवदासही दिल्लीस 'हिंदुस्थान टाइम्स'चा संपादक झाला. १९२७ मध्ये अकोल्याच्या मश्रूवाला घराण्यातील सुशीलाबाई मणिलालच्या पत्नी होऊन फिनिक्सला गेल्या, आणि त्यांच्या मुलांना शाळा-कॉलेज मिळाले. मणिलालचे चरित्र त्यांची नात उमा धुपेलिया-मेस्त्री हिने २००४ साली लिहिले. ती इतिहासाची विद्यापीठीय अध्यापिका. कागदपत्रे, पत्रे, फिनिक्सचे हिशेब सारे तपासून तिने आजोबांच्या आयुष्याचा कसून शोध घेतला आहे, आणि ग्रंथास नाव दिले आहे 'गांधींचा कैदी?' ह्या अर्थाचे. त्या नावातील प्रश्नचिन्ह तिने शेवटच्या पानानंतरही काढून घेतलेले नाही.